अनादि पुत्र : ख्रिस्ताच्या देवत्वाची श्रद्धा आणि मराठी धर्मपरिभाषा

येशू ख्रिस्त हा देव आहे आणि तो अनादि आहे, ही दोन विधाने ख्रिस्ती धर्मश्रद्धेच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांपैकी पहिले मराठी मनास फारसे अवघड वाटत नाही. ज्या समाजात ज्ञानदेवांस विष्णूचा आणि नामदेवांस उद्धवाचा अवतार मानण्याची परंपरा आहे, तेथे एखाद्या परकीय महापुरुषाचे देवत्व मान्य करण्यास कोणी सहसा आढेवेढे घेत नाही. अडचण निर्माण होते ती दुसऱ्या विधानापाशी. ख्रिस्ती श्रद्धेत ख्रिस्ताचे देवत्व कोणत्याही क्षणी प्राप्त झालेले नाही. ते तपाने मिळालेले नाही, भक्तांनी बहाल केलेले नाही आणि ईश्वराने एखाद्या पुण्यपुरुषास दिलेलेही नाही. पुत्र नव्हता असा काळच नव्हता, असे ही श्रद्धा म्हणते. आणि हाच अनादि पुत्र इतिहासाच्या एका ठरावीक काळी मनुष्य झाला, असेही त्याच श्वासात म्हणते. ही दोन्ही टोके एकत्र धरून ठेवणारी परिभाषा मराठीत कशी घडत गेली आणि तीत कोणत्या अडचणी आल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतरीचा नाही. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिम टोकास, पूर्वी धारावी बेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही गावे आहेत. वसईचा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्या काळात येथील कोळी व इतर समाजांतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला तरी भाषा बदलली नाही. किनाऱ्यावरील मराठीची बोली ही या समाजाची घरची भाषा राहिली. देवालयातील मिस्सा मात्र शतकानुशतके लॅटिन भाषेत चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषांना उपासनेत स्थान दिले आणि मराठीतून मिस्सा होऊ लागली. तेव्हापासून रविवारी येथील भाविक विश्वासांगीकार मराठीत म्हणतात. समुद्रावर जाणारा कोळी आणि महाविद्यालयात शिकणारी त्याची मुलगी ही दोघे जी वाक्ये उभे राहून उच्चारतात, त्या वाक्यांतील प्रत्येक शब्दामागे एक दीर्घ वाद उभा आहे. तो वाद समजल्यावाचून त्या मराठी शब्दांचे मोल कळत नाही.

१. निकेयाचा निर्णय

ख्रिस्ताची उपासना ही चौथ्या शतकातील धर्मपरिषदांची निर्मिती होय, असा एक समज आढळतो. तो टिकणारा नाही. बिथिनिया-पाँटस प्रांताचा रोमन शासक प्लिनी याने इसवी सन ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजन यास पाठविलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक पहाटेपूर्वी एकत्र जमून ख्रिस्तास देव मानून त्याचे स्तवन करतात, असे कळविले आहे. त्याहीपूर्वी, पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात, देवाच्या स्वरूपात असलेल्या ख्रिस्ताने दासाचे स्वरूप धारण केले, असा विचार येतो. हे लिहिणारे लोक एकेश्वरवादी यहुदी परंपरेत वाढलेले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. अनेक देव मानणाऱ्यास आणखी एक देव मानणे सोपे असते. एकाच देवावाचून कोणासही नमन न करणाऱ्याने येशूस नमन करावे, यास फार मोठे कारण घडावे लागते.

तथापि उपासना आधी आली आणि तिचा तर्क मागाहून शोधावा लागला, हे खरे आहे. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याने चौथ्या शतकाच्या आरंभी जो प्रश्न उपस्थित केला, तो अगदी सरळ होता. पुत्र म्हटले की पिता आधी आणि पुत्र नंतर. तेव्हा पुत्र कितीही श्रेष्ठ असला, सर्व सृष्टीच्या आधीचा असला, तरी तो केव्हातरी नव्हता; अर्थात तो निर्मित आहे. एरियसच्या पक्षास शास्त्राधारही होते. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञानाची निर्मिती झाल्याचा उल्लेख आहे, कलस्सैकरांस पत्रात ख्रिस्तास ‘ज्येष्ठ’ म्हटले आहे आणि योहानाच्या शुभवर्तमानात पिता आपल्याहून थोर असल्याचे येशू स्वतः सांगतो.

सम्राट कॉन्स्टंटाईन याने ३२५ साली निकेया येथे (आजचे तुर्कस्तानातील इझनिक) बिशपांची परिषद भरविली. तिने एरियसचे मत नाकारले आणि पुत्र हा पित्याशी ‘होमोऊसिऑस’ म्हणजे एकतत्त्व आहे, असे ठरविले. तो जनित आहे, पण निर्मित नाही, हा भेद परिषदेने स्पष्ट केला. सुतार खाट निर्माण करतो तेव्हा खाट सुताराहून भिन्न तत्त्वाची असते. मनुष्यास मूल होते तेव्हा ते मनुष्यच असते. देवाच्या ठिकाणी हे जनन काळात घडत नाही. सूर्य आहे तोवर प्रभा आहेच. सूर्य आधी उगवला आणि प्रभा मागाहून आली, असे कोणी म्हणत नाही. प्राचीन ख्रिस्ती लेखकांना हा दृष्टान्त विशेष प्रिय होता.

वाद येथे संपला नाही. पुढील अर्धशतकात राजसत्तेचा कल अनेकदा एरियसपंथीयांकडे झुकला आणि निकेयाचा कैवारी अथानेशियस यास पाच वेळा आपल्या पीठावरून परागंदा व्हावे लागले. एका पारिभाषिक शब्दासाठी एवढा हट्ट का, असे वाटणे स्वाभाविक आहे. अथानेशियसचे उत्तर मोक्षविचाराशी निगडित होते. माणसाचा देवाशी झालेला विच्छेद देवच भरून काढू शकतो. ख्रिस्त हा निर्मित प्राणी असेल, मग तो देवदूतांहून श्रेष्ठ का असेना, तर त्याच्याशी एकरूप होऊन मनुष्य पुन्हा एका निर्मित प्राण्यापाशीच पोहोचतो, देवापाशी नव्हे. कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने (३८१) निकेयाचा निर्णय पक्का केला. पुढे कॅल्सिडॉनच्या परिषदेने (४५१) ख्रिस्ताच्या ठायी देवस्वभाव व मनुष्यस्वभाव हे दोन्ही पूर्ण असून त्यांचे मिश्रण होत नाही, त्यांत परिवर्तन होत नाही, त्यांचे विभाजन होत नाही आणि त्यांचा वियोगही होत नाही, अशी चतुर्विध मर्यादा घालून दिली. ही मर्यादा नकारांनी बांधलेली आहे, हे लक्षणीय होय. परिषदेने रहस्य उलगडले नाही. ते कोणत्या चार वाटांनी हातून निसटते, तेवढे सांगितले.

२. पुत्र, शब्द, अवतार

हा सिद्धान्त मराठीत आणताना मुख्यतः तीन शब्दांचा आधार घ्यावा लागतो आणि प्रत्येक शब्द काही देतो, काही हिरावून घेतो.

‘पुत्र’ या शब्दाची अडचण एरियसला जाणवली तीच आहे. मराठीतही पुत्र म्हणजे मागाहून आलेला. परंतु या शब्दाची दुसरी बाजूही आपल्या परंपरेत आहे. पिताच पुत्ररूपाने पुन्हा जन्म घेतो, ही वैदिक वाङ्मयातील कल्पना तत्त्वाच्या एकत्वाकडे बोट दाखविते. दोन नावे असूनही काळाचे अंतर नसणे म्हणजे काय, हे समजण्यास ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’तील शिवशक्तिविचारही उपयोगी पडतो. गूळ आणि गोडी, कापूर आणि परिमळ यांत आधी कोण हा प्रश्नच संभवत नाही. मात्र साम्य येथपर्यंतच. अद्वैतविचारात ते द्वैत शेवटी मावळते. ख्रिस्ती त्रैक्यविचारात पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे परस्परभिन्नत्व मावळत नाही. तेथे प्रीती हे देवाचे स्वरूपच मानले आहे, आणि प्रीतीस दुसरा लागतो.

‘शब्द’ हा योहानाच्या शुभवर्तमानातील ‘लोगोस’ या ग्रीक शब्दाचा मराठी पर्याय. लोगोस या शब्दात बोलणे, विवेक आणि विश्वरचनेचे सूत्र हे तिन्ही अर्थ आहेत. मराठीतील नुसता ‘शब्द’ बोलण्यापुरता आकुंचित वाटेल, परंतु त्यामागे शब्दब्रह्माची थोर परंपरा उभी आहे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शब्दतत्त्वास आदि-अंत नसलेले ब्रह्म मानले आणि ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणात गणेशाचे रूपक वाङ्मयाच्या रूपानेच साकारले आहे. त्यामुळे ‘शब्द अनादि आहे’ हे विधान मराठी अभ्यासकास परके वाटत नाही. परके वाटते ते योहानाचे पुढचे विधान : हा शब्द देहधारी झाला. भर्तृहरीचे शब्दतत्त्व जगाच्या रूपाने विवर्त पावते. ते नासरेथच्या एका सुताराच्या घरी वाढत नाही, थकून विहिरीवर बसत नाही, मित्राच्या थडग्यापाशी रडत नाही.

तिसरा शब्द ‘अवतार’ हा सर्वांत सोयीचा आणि म्हणूनच सर्वांत जोखमीचा. येथे एक प्रचलित भेद दुरुस्त करावयास हवा. अवतारकल्पनेत देव अनादि नसतो आणि ख्रिस्ती कल्पनेत असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायातील भगवंतही अज आणि अव्ययच आहे. खरा भेद तीन ठिकाणी आहे. गीतेतील अवतरण युगायुगांत होते. ख्रिस्ती देहधारण एकदाच होते. दुसरे असे की, अवतारकार्य संपले की अवतारसमाप्ती होते. ख्रिस्ताने धारण केलेले मनुष्यत्व, पुनरुत्थान व स्वर्गारोहण यांनंतरही, तो टाकीत नाही. तिसरा भेद दुःखाचा. अवताराच्या लीलेत दुःख असते, परंतु क्रूसावरील मरण ही लीला आहे असे ख्रिस्ती श्रद्धा कधीही म्हणत नाही. ते खरेखुरे मरण आहे आणि मरणारा अनादि पुत्र आहे. म्हणूनच सिद्धान्तचर्चेत मराठी ख्रिस्ती लेखकांनी ‘देहधारण’ हा अधिक कोरडा पण अधिक नेमका शब्द पसंत केला.

३. पुराणाची वाट

ही सर्व परिभाषा सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी एका परकीय माणसाने हा विषय मराठी ओवीत मांडला होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तेथेच वारला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन पुराणांत विभागलेला आहे. त्याच्या सतराव्या शतकातील तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाना यांनी हस्तलिखितांवरून त्याचे पुनर्मुद्रण केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या ग्रंथाची रचनाच बोलकी आहे. येशूचा जन्म दुसऱ्या पुराणात येतो. त्यापूर्वीचे संपूर्ण पहिले पुराण सृष्टीची उत्पत्ती, मानवाचे पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणारे इस्राएल यांच्या कथेस दिले आहे. ख्रिस्ताचे चरित्र बेथलेहेमच्या गोठ्यापासून सुरू करता येत नाही, ते सृष्टीच्या आरंभापासूनच सांगावयास हवे, ही सिद्धान्तातील गोष्ट स्टीफन्सने आख्यानाच्या बांधणीतून श्रोत्याच्या मनावर ठसविली. शब्दांच्या निवडीतही त्याचे धोरण पाहण्यासारखे आहे. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे घेतला. पवित्र आत्म्यासाठी मात्र लॅटिन-पोर्तुगीज घराण्यातील नावच ठेवले. जेथे श्रोत्याची जुनी कल्पना अर्थास साहाय्य करील तेथे मराठी शब्द, आणि जेथे ती दिशाभूल करील असे वाटले तेथे परका शब्द, असा विवेक त्यामागे असावा. पुढे १६५९ साली फ्रान्सिस्को वाझ द गिमारायेंश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील मराठी पुराण प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठीत ख्रिस्ताचे देवत्व प्रथम आले ते वादाच्या नव्हे, श्रवणाच्या मार्गाने.

४. रमाबाईंचा नकार

वादाचा मार्ग एकोणिसाव्या शतकात खुला झाला. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने एकेश्वरवाद स्वीकारला आणि ईश्वर अवतार घेतो ही कल्पना नाकारली. येशूविषयी या मंडळींस आदर होता. परंतु तो थोर गुरूविषयीचा आदर होता. अशा रीतीने महाराष्ट्रात ख्रिस्ती सिद्धान्तापुढे दोन परस्परविरुद्ध प्रतिसाद उभे राहिले. परंपरा म्हणे, ख्रिस्त हा अनेक अवतारांपैकी आणखी एक असेल. सुधारक म्हणत, कोणताच अवतार संभवत नाही. पहिल्यास त्याचे एकमेवत्व खटके, दुसऱ्यास त्याचे देवत्व.

पंडिता रमाबाई या दुसऱ्या वातावरणातून आल्या होत्या. बंगालमध्ये ब्राह्मो समाजाशी आणि १८८२ पासून पुण्यात प्रार्थना समाजाच्या मंडळींशी त्यांचा निकट संबंध होता. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयात नीलकंठशास्त्री गोरे यांच्या पत्राचा वाटा होता, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. गोरे (१८२५–१८९५) हे काशीचे महाराष्ट्रीय पंडित. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. तुम्ही ज्यास ब्राह्मो मत म्हणता ते वेदांतून आलेले नसून ख्रिस्ती श्रद्धेचेच वेषांतर आहे, हे गोऱ्यांचे म्हणणे रमाबाईंस पटले.

परंतु बाप्तिस्म्याने प्रश्न मिटला नाही. चेल्टनहॅम येथे शिकत व शिकवीत असताना, १८८५ च्या सुमारास, आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि अथानेशियसच्या नावाने चालणारा विश्वासांगीकार यांविषयी त्यांनी निर्भीड शंका मांडल्या. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. देव एक आहे, यास बाध आणणारे काहीही त्या मान्य करीत नव्हत्या. धर्मपीठ सांगते एवढ्यावरून एखादा सिद्धान्त कबूल करणे त्यांस शक्य नव्हते. त्यांस शास्त्रवचन स्वतः वाचून पाहावयाचे होते. एका धर्माच्या पंडितांचा अधिकार झुगारून आलेल्या स्त्रीने दुसऱ्या धर्माच्या पंडितांपुढे मान तुकवावी, ही अपेक्षाच चुकीची होती. परक्या देशात, आश्रयदात्यांचीच नाराजी ओढवून घेऊन, त्यांनी हा आग्रह धरला, हे विसरता कामा नये.

पुढे रमाबाईंनी ख्रिस्ताचे देवत्व मनापासून स्वीकारले. त्यांची १९०७ सालची आत्मसाक्ष या श्रद्धेची निःसंदिग्ध ग्वाही देते. तेथवर त्या पोहोचल्या त्या स्वतःच्या वाचनाने आणि पापक्षमेच्या वैयक्तिक अनुभवाने. येथे अथानेशियसचा युक्तिवाद एका निराळ्या मार्गाने पुन्हा भेटतो : जो तारतो तो देवाहून उणा असू शकत नाही. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात केडगाव येथे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले. साध्या बायकांस कळेल अशी भाषा वापरावी आणि हिंदू धर्मकल्पनांचे संस्कार असलेले संस्कृत शब्द टाळावेत, असे त्यांचे धोरण होते. संस्कृताच्या पंडितेने हे करावे, यात भाषेच्या सामर्थ्याविषयीची अनास्था नाही. शब्द किती सामर्थ्याने अर्थास ओढून नेतो, याची पुरी जाणीव आहे.

नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) नेमकी उलट वाट धरली. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगितले आणि अभंगांत ख्रिस्तास गुरू व माउली म्हणून आळविले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. निकेयाच्या तत्त्ववाचक शब्दाने पिता-पुत्रांचे एकत्व सांगितले जाते. ‘माउली’ या शब्दाने त्या एकत्वाचा भक्तास होणारा प्रत्यय सांगितला जातो. तत्त्वाच्या कसोटीवर हा शब्द अपुरा आहे, पण तो निर्मित प्राण्यास लावावयाचा शब्द नव्हे, हे वारकरी परंपरा जाणणाऱ्यास सांगावयास नको.

५. उपसंहार

वरील विवेचनावरून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकास एक कसोटी हाती येते. ख्रिस्ताविषयीचा कोणताही मराठी शब्द घेतला, तर तो कोणत्या बाजूस झुकतो हे प्रथम पाहावे. ‘पुत्र’ एरियसकडे झुकतो, ‘शब्द’ देहावाचूनच्या तत्त्वाकडे झुकतो, ‘अवतार’ पुनरावृत्तीकडे आणि लीलेकडे झुकतो, ‘गुरू’ केवळ मनुष्यत्वाकडे झुकतो. कोणताही एक शब्द अनादित्व आणि ऐतिहासिक मनुष्यत्व ही दोन्ही टोके एकट्याने पेलू शकत नाही. म्हणूनच निकेयाच्या बिशपांनी एका शब्दावर भिस्त न ठेवता एकमेकांस सावरणारी अनेक वाक्ये रचली. मराठीतही स्टीफन्सची आख्यानरचना, गोऱ्यांचा तर्क, रमाबाईंची काटेकोर भाषा आणि टिळकांची भक्ती ही एकमेकांस सावरतात. एकीने दुसरीची जागा घेऊ नये.

२०२५ साली निकेयाच्या परिषदेस १७०० वर्षे पूर्ण झाली. ग्रीक भाषेत बांधलेली ती सूत्रे आज उत्तन-भाईंदरच्या देवालयांत मराठीत उच्चारली जातात आणि ती उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एरियसचे नाव ऐकलेले नसेल. त्यात काही वावगे नाही. श्रद्धा ठेवणाऱ्याने वादाचा इतिहास जाणलाच पाहिजे असे नाही. ज्यांचा व्यवसाय भाषेचा आहे त्यांनी मात्र तो जाणावयास हवा. परिचित मराठी शब्दांतून एक अपरिचित विचार चारशे वर्षे व्यक्त होत आला असून, त्या प्रयत्नात विचाराप्रमाणेच मराठीच्याही मर्यादा व सामर्थ्य यांची कसून पारख झाली आहे.